'शास्त्रसिद्ध' हा शब्द जपून वापरावा

सुजाण पालक, मान्यवर विश्वस्त आणि प्रिय विद्यार्थ्यांनो,



गेल्या सत्रात आपल्या शाळेकडे एक प्रस्ताव आला होता. वनस्पतींपासून दंतमंजन तयार करणाऱ्या एका आस्थापनेने स्नेहसंमेलनाचा मांडवखर्च उचलण्याची आणि विज्ञान प्रयोगशाळेसाठी देणगी देण्याची तयारी दाखविली होती. त्या बदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला मंजनाची डबी वाटावयाची, मंचामागे त्यांचा फलक लावावयाचा आणि या वार्तापत्रात एक पान द्यावयाचे, एवढीच अट होती. त्या पानाचा मजकूरही त्यांनी तयार करून पाठविला होता. त्यात लिहिले होते, "वनस्पतिज लेक्टिनयुक्त. दातांच्या जंतूंचा समूळ नाश. शास्त्रसिद्ध."

आम्ही तो प्रस्ताव स्वीकारला नाही. यावर विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांनी नाराजी व्यक्त केली आणि काही पालकांनीही विचारणा केली. प्रयोगशाळेतील निम्मी उपकरणे जुनी झाली आहेत हे खरे आहे आणि घरी चालून आलेली देणगी परत का पाठवावी, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आमची भूमिका येथे सविस्तर मांडीत आहोत.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि ग्रंथालयात इंग्रजी, असे तिन्ही घाटांचे पाणी आम्ही प्यालो. त्यातून एक सवय जडली. कोणताही भारदस्त शब्द समोर आला की तो आपल्या भाषेत, शेजारच्या काकूंना समजेल असा सांगता येतो का, हे आम्ही पाहतो. सांगता येत नसेल तर तो आपल्यालाच समजलेला नाही असे धरून चालतो. 'लेक्टिन' या शब्दाला हीच कसोटी लावू या.

लेक्टिन हे एक प्रकारचे प्रथिन आहे, ज्याला आम्ही हिंदीत प्रोटीन म्हणत आलो. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगावर शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. त्यांतील ठरावीक साखळी ओळखून तिला धरून ठेवणे हा लेक्टिनचा गुण. किल्ली आपलेच कुलूप शोधते, तसेच हे. १८८८ साली डोरपाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू शहरात, श्टिलमार्क या संशोधकाला असे आढळले की एरंडाच्या बियांतील एक प्रथिन रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते. पुढे १९५४ साली बॉइड आणि शेपली या शास्त्रज्ञांनी अशा प्रथिनांना 'लेक्टिन' हे नाव दिले. ते 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून घेतले आहे. निवडून धरणारे ते लेक्टिन, इतके सोपे.

ही प्रथिने परक्या देशातील औषधी झुडपांतच असतात असे नाही. आपल्या स्वयंपाकघरातील डबे उघडा. कुळीथ, राजमा, भुईमूग, लसूण या सर्वांत लेक्टिने आहेत. कुळथाच्या लेक्टिनचे एक वैशिष्ट्य मुलांना मुद्दाम सांगावे. 'ए' रक्तगटाच्या ए-१ या उपगटातील तांबड्या पेशींना ते गोळा करते. बर्ड या संशोधकाने १९५१ साली आपल्याच देशातील 'करंट सायन्स' या नियतकालिकात कुळथाचा हा गुण प्रसिद्ध केला आणि पुढे रक्तपेढ्यांनी उपगट ओळखण्यासाठी तो वापरला. ज्या कुळथाचे पिठले आपली आजी करीत असे, त्याने रक्त तपासता येते, हे ऐकून कोणत्या मुलाचे डोळे चमकणार नाहीत? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने भुईमुगाच्या आणि फणसाच्या बियांतील लेक्टिनांची अणुरचना १९९० च्या दशकात उलगडली. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही आणि आम्ही त्याची थट्टाही करीत नाही.

आता याचा दातांशी संबंध काय, ते पाहू.

आपल्या तोंडात शेकडो जातींचे जीवाणू नांदतात. लेव्हेनहुक यांनी १६८३ साली आपल्याच दातांवरचे किटण खरवडून भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यांना त्यात हालचाल करणारे जीव दिसले. यांतील बहुतेक जीवाणू निरुपद्रवी आहेत, काही तर उपयोगीही आहेत. कीड लागण्यात ज्याचा मोठा वाटा असतो, तो स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जीवाणू क्लार्क यांनी १९२४ साली किडक्या दातांतून वेगळा केला. त्याची कामाची पद्धत दुहेरी आहे. साखर मिळाली की तो तिचे आम्ल करतो. शिवाय साखरेपासूनच तो एक चिकट पदार्थ तयार करतो आणि त्याच्या आधारे दाताला चिकटून वसाहत करतो. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तरीसुद्धा आम्लता वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की त्यातील खनिजे विरघळू लागतात. रोज थोडे थोडे विरघळत शेवटी भोक पडते. 'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो, पण आत अळी वगैरे काही नसते. ते असते जीवाणूंनी साखरेपासून केलेले आम्ल.

लेक्टिनचा विचार येथे येतो. जीवाणूच्या अंगावर शर्करांच्या साखळ्या आहेत, दातावर लाळेचा जो पातळ थर बसतो त्यातही आहेत, आणि जीवाणू दाताला चिकटतो तो अशाच धराधरीतून. मग ही जागा लेक्टिनने आधीच अडवली तर? जीवाणूला मारावयाचे नाही, त्याला पाटावर बसूच द्यावयाचे नाही. मारणाऱ्या औषधाला पुरून उरणारे जीवाणू कालांतराने माजतात. नुसते बसू न दिल्याने तो धोका कमी राहील, अशी संशोधकांची अपेक्षा आहे. कल्पना खरोखरच सुंदर आहे आणि तिच्यावर गंभीर काम झाले आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली दाखविले की लाळेचा थर दिलेल्या पृष्ठभागावर म्युटन्सची वसाहत होण्याला काही वनस्पतिज लेक्टिने अडथळा करतात.

मग हे शास्त्रसिद्ध झाले नाही का? येथेच थांबून विचार करावयास हवा.

ब्राझीलमधील संशोधकांचे २०११ सालचे काम फार बोलके आहे. त्यांनी अबईच्या कुळातील, म्हणजे कॅनव्हॅलिया वंशातील, पाच जातींच्या शेंगांची लेक्टिने घेतली. त्यांत आपल्या परसात वेलावर लागते ती अबईही होती. ही सगळी सख्खी भावंडे. पण पाचांपैकी तिघांनीच म्युटन्सची वाढ रोखली आणि त्या तिघांत आपली अबई नव्हती. स्ट्रेप्टोकोकस ओरॅलिस नावाच्या तोंडातील दुसऱ्या जीवाणूवर तर उलटाच परिणाम झाला. पाचांपैकी चार लेक्टिनांनी त्याची वाढ चक्क वाढविली! म्हणजे एकाच घरातील लेक्टिने, एकाच प्रयोगात, एका जीवाणूला अडवितात आणि दुसऱ्याला खतपाणी घालतात. अशा वेळी नुसते 'लेक्टिनयुक्त' असे डबीवर छापण्याला काय अर्थ उरतो? कोणते लेक्टिन, कोणत्या जीवाणूसाठी, किती प्रमाणात, हे सांगितल्याशिवाय तो शब्द म्हणजे नुसतीच नक्षी.

शिवाय हा प्रयोग प्लास्टिकच्या तबकडीतील लहान खळग्यांत झाला होता. तोंड म्हणजे तबकडी नव्हे. तोंडात लाळ अखंड वाहते आणि जे लावाल ते धुऊन नेते. लाळेतील प्रथिनांवरही शर्करांच्या साखळ्या असल्यामुळे जीवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच लेक्टिन वाटेत त्यांना बिलगून बसू शकते. फणसाच्या आठळीतील जॅकलिन हे लेक्टिन तर आपल्या लाळेत असणाऱ्या, रोगांशी लढणाऱ्या आयजीए-१ या प्रतिपिंडालाच पकडते. मित्राला धरले काय आणि शत्रूला धरले काय, लेक्टिनला त्याचे सोयरसुतक नाही. ते फक्त साखळी ओळखते.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. "नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?" असे एका पालकांनी आम्हाला विचारले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की ज्या एरंडाच्या बीतून लेक्टिनाचा शोध लागला, त्यातील ते प्रथिन, रिसिन, हे जहाल विष आहे. सोनार पूर्वी ज्या लाल-काळ्या गुंजांनी सोने तोलीत, त्या गुंजेतील ॲब्रिनही तसेच. विद्यार्थ्यांनो, गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या कधीही तोंडात घालू नका, लहान भावंडांच्या हातीही देऊ नका. राजमा नीट भिजवून खळखळून उकळल्याशिवाय खाऊ नये, असे घरोघरी सांगतात. त्यामागेही लेक्टिनच आहे. कच्चा राहिलेला राजमा उलट्या-जुलाब घडवितो. चांगल्या उकळीने ते लेक्टिन निकामी होते, म्हणून आपण राजमा सुखाने खातो. यातून आणखी एक गोष्ट निघते. शिजविलेल्या उसळी खाऊन दातांना लेक्टिनचा लाभ होईल, हा समजही धरू नये.

आम्ही त्या आस्थापनेला तीनच प्रश्न लेखी विचारले होते. मंजनात कोणत्या वनस्पतीचे लेक्टिन किती प्रमाणात आहे? वनस्पती वाळवून, कुटून, महिनोन्‌महिने डबीत ठेवल्यावर ते कार्यक्षम राहते का? आणि हे मंजन वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या मुलांच्या दातांची तुलना किती काळ व कोणी केली? उत्तरादाखल एक रंगीत पुस्तिका आली. तिच्यात ऋषिमुनींचे चित्र होते, हसऱ्या मुलांचे चित्र होते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे नव्हती.

या निर्णयावर आलेले आक्षेप आम्ही टाळू इच्छित नाही.

एका विश्वस्तांचे म्हणणे असे की, "मंजनाने फायदा झाला नाही तरी तोटा काय? प्रयोगशाळा तर होईल." आम्हाला यात मोठा तोटा दिसतो. ज्या विज्ञान प्रयोगशाळेत आम्ही मुलांना 'पुरावा दाखवा' असे शिकविणार, ती पुरावा नसलेल्या दाव्याच्या पैशातून उभी राहावी, यासारखा विरोधाभास नाही. डबीवर शाळेची मोहर लागली की आई-वडील निर्धास्त होतात. "शाळेने दिले आहे" हे वाक्य किती जड असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. इंदूरमधील आपल्या समाजाने पै-पै जमवून ही शाळा उभी केली, ती याच विश्वासावर. तो विश्वास आम्ही विकावयाचा कसा? शिवाय मंजन आहे म्हणून मूल साधी टूथपेस्ट सोडून देईल, तर तोटा प्रत्यक्ष दाताचाच होईल.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपले पूर्वज कडुनिंबाच्या व बाभळीच्या काडीने दात घासत, त्यांना टूथपेस्ट कुठे होती, असे म्हटले जाते. काडीने घासण्यात तथ्य आहे. तिचे तंतू किटण खरवडून काढतात आणि खरे काम तेच असते. पण परंपरेत मशेरीही होती हे विसरून चालणार नाही. तंबाखू भाजून केलेल्या त्या मशेरीने कित्येक घरांतील स्त्रियांच्या तोंडाचे नुकसान केले. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारला १९९२ साली बंदी घालावी लागली. परंपरेतील काडी ठेवावी, मशेरी टाकावी, आणि काय ठेवावे व काय टाकावे हे तपासून ठरवावे. परंपरेचा अपमान तपासण्याने होत नाही, खोटे दावे तिच्या नावावर खपविल्याने होतो.

तिसरा प्रश्न एका दहावीच्या विद्यार्थिनीचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत अधिक आवडला. तिने विचारले, "सिद्ध झाले नाही म्हणजे ते खोटे आहे का?" नाही, बेटा. सिद्ध झाले नाही म्हणजे अजून काम बाकी आहे. काचेच्या तबकडीत जे दिसले ते पहिली पायरी आहे. त्यानंतर ते सुरक्षित आहे का ते पाहावे लागते, मग प्राण्यांत, मग माणसांत, पुष्कळ माणसांत, पुष्कळ दिवस. बहुतेक गोष्टी मधल्याच पायरीवर गळतात. एखादी वर पोहोचते. लेक्टिनांवरील तोंडाच्या जीवाणूंविषयीचे काम आजवर मुख्यतः प्रयोगशाळेतच झाले आहे. उद्या तुमच्यापैकीच कोणी ते पुढे न्यावे. त्या दिवशी याच वार्तापत्रात आम्ही आनंदाने पूर्ण पान देऊ, आणि त्याचे शुल्क घेणार नाही.

तोपर्यंत दातांसाठी काय करावे? जे माहीत आहे ते साधे आहे आणि जवळजवळ फुकट आहे.

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. येथेही प्रमाणाचे भान हवेच. आपल्याच माळव्याच्या पश्चिमेला झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडले, हाडेही वाकली. तोच पदार्थ योग्य मात्रेत दात राखतो आणि अतिरेकात बिघडवितो. 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' अशी भांडणे लावण्यापेक्षा मात्रा विचारावी, हा धडा यातून घ्यावा.

दुसरे, गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दातांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले की जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चघळलेल्या चिकट टॉफीने दात कितीतरी अधिक किडले. ते प्रयोग मानसिक विकलांग रुग्णांवर करण्यात आले. त्यांना त्यासाठी मुद्दाम टॉफ्या चारल्या गेल्या, ही विज्ञानाच्या इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट आहे आणि तीही मुलांना सांगितली पाहिजे. आपण इंदूरकर सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खातो आणि रात्री सराफ्यात रबडी. कोणीही ती सोडावी असे आम्ही म्हणणार नाही, म्हटले तरी कोणी ऐकणार नाही! पण जिलेबी खाऊन खळखळून चूळ भरावी आणि दिवसभर चॉकलेट चघळत राहू नये, एवढे तर जमण्यासारखे आहे.

यावरून आम्ही तीन सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. पहिली, वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची प्रथा थांबवून त्याऐवजी शाळेच्या ग्रंथालयाला एक पुस्तक किंवा मित्रांना एकेक पेन्सिल द्यावी. दुसरी, मधल्या सुट्टीनंतर सर्व मुलांना चूळ भरता येईल इतके नळ पाण्याच्या टाकीजवळ बसवावेत. हा खर्च मांडवाच्या कापडापेक्षा कमी आहे. तिसरी, वर्षातून एकदा दंतवैद्यांकडून सर्व मुलांची तपासणी करून तिची नोंद पालकांना लेखी द्यावी. आपल्या समाजात दंतवैद्यांची वाण नाही. त्यांच्यापैकी जे माजी विद्यार्थी आहेत त्यांना आम्ही या पानावरूनच साद घालीत आहोत.

आणि प्रयोगशाळेचे काय? उपकरणे हवीतच, त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे झोळी घेऊन जाण्यास आम्ही तयार आहोत. पण विज्ञान उपकरणांवाचून अडत नाही. यंदाच्या प्रदर्शनात आठवीच्या मुलांनी हा प्रयोग करावा. अंड्याच्या अर्ध्या कवचावर टूथपेस्ट लावून ठेवावी, अर्धे तसेच सोडावे, मग धुऊन ते अंडे व्हिनेगरमध्ये बुडवावे आणि कोणत्या बाजूवर काय होते ते तासातासाने लिहून काढावे. दुसऱ्या अंड्याला घरातील मंजन लावून तेच करावे. तिसऱ्याला काहीच लावू नये. निकाल काय येतो ते आम्ही आधी सांगणार नाही. आणि शेवटी मुलांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारावा की अंड्याचे कवच म्हणजे दात आहे का? ज्या मुलाला हा प्रश्न सुचेल, त्याला 'शास्त्रसिद्ध' या शब्दाचा अर्थ कळला असे समजावे. त्याला कोणत्याही डबीवरचे सोनेरी अक्षर फसवू शकणार नाही.

देणगी गेली याची रुखरुख आम्हालाही आहे. मतभेद असतील त्यांनी निःसंकोच भेटावे अथवा लिहावे. आलेली पत्रे पुढील अंकात छापू.

आपल्या सर्वांच्या निरोगी हास्यासाठी शुभेच्छा.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य